रक्तदात्यांच्या साइटवरची लाल खूण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

दोन हजार सालानंतरच्या दिवसांत हिंगोलीत माझं नेट कॅफे होतं. कुरुंद्याचा मिलिंद माझ्याकडेच माउस धरायला शिकला. पुढे त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक वेबसाइट केली — कोणत्या रक्तगटाचा माणूस जिल्ह्यात कुठं मिळेल, ते सांगणारी. लोक माझ्या कॅफेत बसून ती उघडायचे आणि कौतुक त्याचं करायचे. मला ते सलायचं. एवढं का सलावं?

माझ्या कॉम्प्युटरांवर एक टूल होतं. साइट चांगली असली की हिरवी खूण, धोक्याची असली की लाल. एके दिवशी मिलिंदच्या साइटपुढं लाल खूण आली. साइटमध्ये खोट नव्हती — चूक टूलचीच. मिलिंद घाबराघुबरा होऊन आला.

"दादा, लोक भिऊन राहिले. साइट चांगली हाय असं वापरणाऱ्यांनी कळवलं तर लाल जाते म्हणं. तुमच्याकडं एवढे कॉम्प्युटर हायेत, तुमी कळवा ना."

"कळवतो," म्हणालो.

कळवलं — पण उलटं. तो गेल्यावर एकेका कॉम्प्युटरवर बसलो आणि 'धोकादायक' असं नोंदवत गेलो. एकदा तरी थांबलो का? नाही. आज त्याचीच भीती वाटते.

लाल खूण तशीच राहिली. लोक ती साइट उघडेनासे झाले.

मग एका दुपारी पुसेगावचा एक माणूस आला. बायको बाळंत झालेली, रक्त फार गेलेलं, गट सहसा न मिळणारा. कुणीतरी त्याला साइटचं नाव सांगितलं होतं. त्यानं ती शोधली, लाल खूण पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, उघडू का?"

त्या गटाचा एक कंडक्टर साइटवर होता. हिंगोलीतच राहणारा. मला ठाऊक होतं. एक शब्द बोललो असतो तर — पण मग मिलिंदची साइट खरी ठरली असती.

"नका उघडू," मी म्हणालो. "असल्या साइट फसवतात."

तो नांदेडला फोन लावत बाहेर पडला.

पुन्हा आला, तेव्हा हातात बायकोचा लग्नातला फोटो होता. हार घालायला मोठा करून हवा होता. लेकरू वाचलं, म्हणाला. मी फोटो स्कॅन केला. तिचा चेहरा स्क्रीनभर झाला. तो शेजारी उभा राहून हळूच बोलला, "तुमी त्या दिवशी बराबर सांगितलं, साहेब. न्हाईतर आणखी फसलो असतो."

मी प्रिंटरला कागद लावला. प्रिंट काढून त्याच्या हातात दिली.

मिलिंदनं साइट बंद केली. अजूनही भेटला की म्हणतो, "दादा, तवा तुमीच तेवढे माझ्या बाजूनं होते."

मी ऐकून घेतो.