उरलेला गाल

न्हाव्याने वृद्धाश्रमाचं दार खांद्यानेच ढकललं, कारण दोन्ही हात पेटीला होते. बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर सणाला तो इथे यायचा आणि पाऊल टाकताक्षणी कुरकुर सुरू करायचा. पाणी कोमट का नाही? खुर्ची अजून डुगडुगतेच? आणि साहेब आहेत का अजून, की सुटलो आपण?

साहेब म्हणजे हेडक्लार्क. साहेब तो कधी झालाच नाही, आणि त्याचं कारण हा न्हावी. दुकान चालायचं तेव्हा न्हाव्याची एक खोड होती. गर्दी झाली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पळू नये म्हणून तो प्रत्येकाचा एकच गाल करून ठेवायचा. "अर्ध्या दाढीने जातोय कुठे?" म्हणायचा आणि चहाला निघून जायचा. एकदा हेडक्लार्कला असाच बसवून गेला, चहावाल्याशी भांडत बसला. अकराला बढतीची मुलाखत होती. हेडक्लार्क अर्ध्या दाढीनेच धावला. पाच जणांची समिती पोट धरून हसली आणि बढती शेजारच्या टेबलाला मिळाली.

त्यानंतर त्याने न्हाव्याच्या वस्तऱ्याला गाल म्हणून दिला नाही. इथेही नाही. स्वतःच्या थरथरत्या हाताने खरडायचा, रक्त काढायचा. पण सणाच्या दिवशी न्हावी बाकीच्यांच्या दाढ्या करत असला की समोर खुर्ची टाकून बसायचा.

"कान कापशील त्याचा. अर्ध्यावर सोडणारी जात तुझी!"

"साहेब, तोंड बंद ठेवा. फेसात माश्या पडतायत."

दोघांचा सण तो एवढाच.

आज मात्र दारातच मॅनेजर बाई आडव्या आल्या. "अहो, तुम्हाला फोन करायचा राहूनच गेला बघा. यंदा एका संस्थेची माणसं आलीत. दाढी, कटिंग सगळं तेच करतायत, मशीनने. तुम्ही आज घरी आराम करा."

"घरी काय ठेवलंय?" न्हावी बोलून गेला आणि लगेच आवाज चढवला. "म्हणजे पाहुण्यांनी घर भरलंय! पाय ठेवायला जागा नाही, म्हणून आलो."

बाईंनी मान हलवली. पाहुणे येतात की नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

हॉलमध्ये स्पीकर दणदणत होता. पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायला लावत होती. टी-शर्टवर छापलं होतं, 'एकटं कुणीच नाही'. भिंतीशी सगळे गुळगुळीत गालांनी ओळीत बसलेले. त्यातला एक जण न्हाव्याला बघून गालावरून हात फिरवत म्हणाला, "बघ, रक्ताचा थेंब नाही. नाहीतर तुझी दाढी म्हणजे ऑपरेशन!"

"तुझ्या गालावर खड्डे आहेत, त्याला वस्तरा काय करणार? रोड रोलर आणायला हवा."

कुणी हसलं नाही. स्पीकरपुढे ऐकूच गेलं नसेल. न्हाव्याने पेटी बगलेत मारली आणि वळला. बाहेर रस्ता रिकामा होता, दुकानं बंद. घरी जाऊन भिंतीला काय सांगायचं, याचा विचार करत त्याने कडीला हात घातला.

"बस! थांबवा ते गुरगुरणं!"

आवाज हेडक्लार्कचा. तो डुगडुगत्या खुर्चीत बसला होता. संस्थेबरोबर आलेल्या पार्लरवाल्या बाईंनी त्याचा एक गाल करून मशीन दुसऱ्यावर आणलं होतं, ते त्याने हाताने अडवलं होतं.

"आजोबा, आता ग्रुप फोटो आहे. अर्धी दाढी बरी दिसते का?"

"आजोबा तुमच्या घरी! अर्ध्या दाढीने मी पाच साहेबांसमोर उभा राहिलोय. तुमच्या फोटोचं काय घेऊन बसलात?" मग दाराकडे बघून ओरडला, "ए चोरा! एक गाल राहिलाय तुझ्याकडे. तो करायचा आणि मग जायचं तिकडे मरायला जा!"

कुणीतरी स्पीकर बंद केला. न्हावी दारातच उभा. नऊ वर्षांत या माणसाने त्याला आपल्या गालाला साबणसुद्धा लावू दिला नव्हता.

"मला वेळ नाही, साहेब. घरी पाहुणे आहेत."

"खोटारड्या! तुझ्याकडे कुत्रं तरी येतं का?"

न्हावी तरातरा चालत आला आणि पेटी आपटली. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा असा चटाचटा ओढला की पार्लरवाल्या बाई मागे सरकल्या. मग त्याने हेडक्लार्कची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हा झालेला गाल म्हणायचा? उंदराने कुरतडलाय. दोन्ही करावे लागतील."

"दोन्ही कर. पण मधेच उठलास तर तंगडं मोडीन."

न्हाव्याने कानापासून कानापर्यंत फेस चोपडला, नाकात गेला तरी पर्वा केली नाही. वस्तरा उचलला. तेवढ्यात मॅनेजर बाईंनी चहाचा कप टेबलावर आणून ठेवला. न्हाव्याने कपाकडे पाहिलं, हेडक्लार्ककडे पाहिलं, आणि वस्तरा खाली ठेवला.

"आधी गाल!" फेसातून आवाज आला.

"आधी चहा."

"उठून जाशील!"

"जातोय कुठे?" न्हावी म्हणाला आणि तिथेच उभा राहून फुंकर मारत, मुद्दाम सावकाश चहा पिऊ लागला. खुर्ची डुगडुगू नये म्हणून तिच्या दांडीवर त्याने एक पाय दाबून ठेवला होता.