आत्याचा पेजेचा गंज

आमच्या गावाहून, सौंदडहून नेलेली पेज माझ्या हातात होती आणि गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मला सांगत होत्या, "देर से आये भैया... अम्मा तो सुबह ही चली गयी." त्याला आता महिना होत आला. लोक समजूत घालतात, वय झालं होतं. असेल. मला तरी ते पटवून घेता येत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान रेल्वेत सांधेवाले होते. ते गेल्यावर ती दवाखान्यामागच्या खोलीत एकटीच राहिली. माझ्या लहानपणी हा दवाखाना एका ओसरीचा होता. तापाच्या औषधाला बाटली घरून न्यावी लागे आणि खाटेवर पडायला लोक भीत. पुढे खोल्या वाढल्या, बायांसाठी डॉक्टरीणबाई आल्या, लोकांची भीड चेपली. एक हट्ट मात्र सुटला नाही. दवाखान्याचं औषध चाले, अन्न चालत नसे. पेज आपल्याच माणसाच्या हातची हवी. त्यामुळे आमच्या गावचा कोणीही भरती झाला की आत्याची चूल पेटायची आणि पितळी गंजात पेज घेऊन ती दोन्ही वेळा वॉर्डात हजर व्हायची. मला विषमज्वर झाला तेव्हा मी तोंड फिरवलं की खेकसायची, "कायले नखरे करून राहिला रे? पी मुकाट्यानं!" आणि मी प्यायचो.

यंदा तीच भरती झाल्याचा निरोप आला, तेव्हा शेतात धानाची रोवणी ऐन भरात होती. बायको म्हणाली, "जाऊन या न जी." मी म्हणालो, "दवाखान्याच्या मांगंच तं राह्यते आत्या, तिले काय कमी? रोवणी झाली का जातो." गावात ज्याला त्याला असंच वाटलं. जन्मभर जिनं सगळ्यांना पेज पाजली तिला पेज कोण नेणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यात पहिला मी. माझी बांधी वेळेवर रोवून झाली, याची आता लाज वाटते.

नर्सबाईंनी खाटेखालून तिचा गंज काढून दिला. भरती होताना तिनं तो सोबत आणला होता. दूध तेवढं घ्यायची, भात पुढे केला की नको म्हणायची. "रोज कहती थी, मेरा भतीजा पेज लायेगा. बर्तन खुद पोंछ के रखती थी," नर्सबाई म्हणाल्या. मी आणलेली पेज तिथंच हातात थंड होत होती...

गंज आता आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. बायको घासून उपडा घालते. मी येता-जाता तो सुलटा करून ठेवतो.