हात वर करून

चूक माझी होती, आणि ती माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. आमच्या सुकापूरच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं वाक्य आहे. ते मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं.

मी पनवेलच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. एकाची सत्ता, मूठभरांची सत्ता, बहुमताची सत्ता असे फळ्यावर तीन रकाने आखतो आणि मुलांकडून पाठ करून घेतो. सोसायटीचा मी सात वर्षं सेक्रेटरी होतो. अध्यक्ष बोलायचे, आम्ही कमिटीवाले माना डोलवायचो, बाकीचे सह्या करायचे. हे मला दिसत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

तिसऱ्या मजल्यावर एक कोकणी मुसलमान बाई मुलीसह भाड्याने राहायच्या. नवरा कुवेतला. चार वर्षांत त्यांच्याबद्दल एक तक्रार नव्हती. घरमालकाने तोच फ्लॅट त्यांना विकायचं ठरवलं आणि अध्यक्ष मला म्हणाले, "भाड्याने ठीक आहे हो सर. मालक झाल्या की कायमच्या."

असा नकार देता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्यांना सभासदत्व नाकारणाऱ्या ठरावात मी 'पार्किंगची अडचण' असं कारण घातलं. त्यांच्याकडे गाडीच नव्हती.

रविवारी सकाळी सभा भरली तीही पार्किंगमध्येच. त्या बाई सभासद नव्हत्या, म्हणून जिन्याशी उभ्या राहिल्या. ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, ते तळमजल्यावरचे म्हातारे दादा उठले.

"मास्तर, चिठ्ठ्या टाका ना. अध्यक्षांच्या तोंडासमोर कोन हात खाली ठेवनार?"

"दादा, ही काय ग्रामपंचायत नाही," मी म्हणालो. लोक हसले.

"नाय ना. तितं पेटी तरी असते."

आता कुणी हसलं नाही. मी हात वर करायला सांगितलं. पहिला अध्यक्षांचा, दुसरा माझा. मग शेजाऱ्याकडे बघत बघत एकेक वर गेला. ज्यांची मुलं रोज दुपारी त्या बाईंच्या घरी जेवायची, त्या समोरच्या वहिनींनी खाली बघत हात वर केला. दादा खाली बसले होते, त्यांचा हात मांडीवरच राहिला. मी तो मोजला नाही.

घरमालक घाबरला, व्यवहार मोडला. महिन्याभरात त्या गेल्या. फ्लॅट दुसऱ्याने घेतला. त्याच्या दोन गाड्या आहेत.

दोन वर्षांनी मी पत्ता काढून पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा केला. मी माफी मागू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"सर, इथं कोण ऐकतंय? हात तर तुम्ही सगळ्यांसमोर वर केला होता."

गेल्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. 'सर्वानुमते' हे आधीच लिहिलेलं होतं, पार्किंगचं कारण खोटं होतं, दादांचा हात मी लपवला, हे सांगितलं.

"सर, बसा. हे विषयपत्रिकेत नाही," अध्यक्ष म्हणाले.

मी बसलो नाही. माझ्या सांगण्यावरून त्या आल्या होत्या, पुन्हा जिन्याशीच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो.

"तुमचं घर मी घालवलं. परत देणं माझ्या हातात नाही. मला माफ करा."