शनिवारवाड्यातल्या भिंती

मंगळवारी सकाळी बाबांना शनिवारवाडा दाखवायला नेलं. ज्यांचं सगळं आयुष्य शनिवार पेठेत गेलं, त्यांना... पण ते आत कधी गेलेच नव्हते. "रोज बाहेरून फुकट दिसतो, तिकीट कशाला काढायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

समोरच्या पटांगणात मात्र त्यांनी मला सायकल शिकवली. आई कडेला दाणे खात बसायची. मी पडले की आधी हसायची, मग उठायची...

आमची बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला गेली आहे. रविवारी फ्लॅट रिकामा करून द्यायचा. बाकीचे सगळे गेले, बाबांनी मात्र एक कपाटही उघडू दिलं नव्हतं. "तुझी आई याच घरात गेली. मी हलणार नाही." समजावून थकले, तेव्हा म्हटलं, निदान तासभर बाहेर तरी पडू.

आत आता महाल नाहीत. गवतात गुडघ्याएवढी दगडी जोती आहेत. मी त्यातलं एक ओलांडून पलीकडे गेले.

"अगं, भिंतीतून काय जातेस?"

"कुठाय भिंत?"

"पडली म्हणून काय झालं? दारानं ये."

मी मागे फिरले आणि उंबऱ्याच्या जागेवरून आत आले. सेल्फी काढणारी कॉलेजची दोन मुलं हसली. बाबा त्यांना म्हणाले, "चपला घालून स्वयंपाकघरात उभे आहात." मुलं खरोखरच बाजूला झाली. कुणास ठाऊक, असेलही स्वयंपाकघर...

मग आम्ही प्रत्येक खोलीत दारानंच गेलो. शेवटच्या खोलीत बाबा बराच वेळ थांबले.

"हे सगळं आगीत गेलं ना गं?"

"हो."

"आवरायलासुद्धा वेळ मिळाला नसेल बिचाऱ्यांना."

दारानं बाहेर पडताना म्हणाले, "आपल्याला रविवारपर्यंत आहे."

परत येताना ते वाण्याच्या दुकानापाशी थांबले. "अहो, रिकामी खोकी आहेत का? आणि सुतळी द्या." घरी आल्यावर आईचं कपाट त्यांनी स्वतः उघडलं. मला एवढंच सांगितलं, "देव शेवटी बांधायचे."

आभार मानायचे तर त्या छप्पर नसलेल्या खोल्यांचे. इतक्या वर्षांचा शेजार, आणि आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो ते आमचं घर सोडताना...