झाकणाच्या आतली खूण

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंग स्टेशनजवळच्या त्या म्हाताऱ्या घड्याळजीचं नाव मी कधी विचारलं नाही. युनिव्हर्सिटीतून परतताना मी त्याच्या टेबलाला टेकून कामगारांच्या हक्कांवर भाषणं द्यायचो आणि तो डोळ्याला भिंग लावून ऐकायचा.

एका दुपारी त्याच्यापुढे खिशातलं जुनं इंग्लिश घड्याळ उघडं होतं. आत सायकलच्या चेनसारखी, पण दोऱ्याइतकी बारीक साखळी. तिची तुटलेली कडी जोडायची होती आणि त्याचा हात हल्ली थरथरायचा.

"हे जमलं नाही तर दुकान बंद," तो म्हणाला.

"त्या काळी असल्या साखळ्या घडवल्या कामगार बायकांनी आणि घड्याळावर नाव कोरलं कारखान्याच्या मालकाचं!" मी तापलो.

"मेट, क्रांती जरा थांबव. टेबल हलतंय."

मी बाजूला झालो. श्वास रोखून त्याने कडी बसवली, किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली आणि तो खो खो हसला. मग घड्याळजींच्या रिवाजाप्रमाणे त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण कोरली. शेजारी आधीच्या कारागिरांच्या खुणा होत्या.

"मालकाचं नाव बाहेर, आमचं आत. ते फक्त पुढचा कारागीर वाचतो."

"पण वाकडी आली की खूण! नीट कर."

"कशाला? असल्या हाताने जोडलंय, हे पुढच्या कारागिरालाही कळू दे," म्हणत त्याने पुढचं घड्याळ उघडलं.