डिझेलची घागर

आमच्या मालकाचा, कचरू ड्रायव्हरचा, मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांच्या नियमाचा. सत्याऐंशीच्या दुष्काळात सोसायटीनं आपल्या खताच्या ट्रकवर लोखंडी टाकी बसवली अन् पाटोद्याकडून पाणी आणायला यांना नेमलं. गावाला पाणी पाजणारा माणूस, पण घरात घोटभर आणायचा न्हाई. मी म्हणायची, "अहो, एक कळशी दारात वतली तर सोसायटी बुडंल का?" ते म्हणायचे, "भिमा, माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं मेव्हण्याच्या दारात वतली, लोकांनी हसून सोडून देलं. मी वतली तर आख्ख्या भीमनगरावर येईल." त्यांचं खरं व्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. तिथं घागरीचा नंबर असायचा. बाया तांबडं फुटायच्या आत घागरी वळीनं मांडून यायच्या, अन् घागर जिथं तिथं तुमची पाळी. पण वळी दोन. वरल्या आळीची आधी, आमच्या भीमनगराची नंतर. आमची पाळी येईस्तोवर पोहऱ्यात गाळ यायचा. हे कुणी ठरवलं न्हवतं अन् कुणी मोडतही न्हवतं. माझी सासू चतुराबाई नवी नवरी असताना तर तिला त्या विहिरीला हातबी लावता येत न्हवता. लांब उभं राहायचं, कुणी वरून वतलं तर घागर भरायची. वतायची ती बहुतेकदा वरल्या आळीची ताराबाई, मेंढरंवाल्या बंकटची आई. सासू तिचं नाव नेहमी चांगलंच घ्यायची.

एकदा काय झालं, आदल्या दिवशी टँकर आलाच न्हवता. घराघरात रांजण पालथे. दुसऱ्या दिवशी भरलेला ट्रक आला तो नेमका आमच्या दारापुढं बंद पडला. मालक खाली घुसले. डिझेलच्या टाकीकडून इंजिनाच्या पंपाकडं जाणाऱ्या नळीला चीर गेली व्हती. इंजिन चालू असलं की तिथून हवा ओढायचं, बंद केलं की डिझेल गळायचं. त्यांनी साबण मळून चिरंत दाबला, वरून दोरा आवळला. ट्रकनं दोन गचके दिले अन् पुन्हा गप. "तेवढा तुकडा कापून रबरी नळी जोडावी लागंल," म्हणाले अन् शेजारच्या शहादेवच्या घरी गेले. त्याच्याकडं फवारणीचा पंप व्हता. यंदा फवारायला पीकच कुठं व्हतं?

तेवढ्यात वरल्या आळीच्या बाया घागरी घेऊन खाली आल्या. संगं बंकट. मालक नळी घेऊन परतले तर हा म्हणतो, "बरोबर तुझ्याच दारात बंद पडली का बे, कचरू?"

माझ्या अंगाची आग झाली. मालकांनी मात्र डिझेलनं भरलेले हात त्याच्यापुढं धरले. "खाली वाक अन् तुझ्या डोळ्यानं बघ."

बंकट वाकला, बघितलं, उठला. "मग पाणी हितंच सोड. बाया कवाच्या उभ्या हायत."

मालकांनी हात चिंधीला पुसले. मग म्हणाले, "सोडतो. पण वळ एकच. ज्याची घागर आधी, त्याचं पाणी आधी."

सगळ्यांनी बघितलं तर पहिली घागर ट्रकाखालीच व्हती, आमच्या सासूची. जन्मात पहिल्यांदा तिचा पहिला नंबर. मी पळत जाऊन घागर ओढली अन् माझं काळीजच फाटलं. आत डिझेल. मालक शहादेवकडं गेले तेव्हा तिला टपटप ऐकू आलं व्हतं. डोळ्यात मोतीबिंदू, तिला वाटलं पाण्याची टाकी गळती हाय. दुष्काळात थेंब पडताना ऐकला की बाईमाणूस भांडं लावणारच, तिनं बी लावलं. घासायला राख व्हती, पण टँकरचं पाणी धुण्यात कोण घालवू देणार? घरातली दुसरी घागर पहाटेच विहिरीवर वळीत लावलेली. मागून कुणीतरी म्हणालं, "सोडा मग, पुढची लावा." सासू पदरानं घागर पुसत राहिली.

तवा ताराबाई पुढं झाली. तिनं आपली पितळी घागर तोटीखाली ठेवली. "चतुरा, हिच्यात भर अन् घरात ने." सासूनं आपली घागर बाजूला सारली अन् ती भरून घेतली. मी तर सगळ्यांदेखत रडले. वरल्या आळीला आजवर जे जे बोलले, ते सगळं मी त्या दिवशी मनातल्या मनात मागं घेतलं.

टाकी रिकामी झाली. मालकांनी नळी जोडली, दोन्हीकडून तार पिळली, इंजिनाचा हातपंप दाबून दाबून नळीतली हवा काढली. बुडबुडे थांबले, ट्रक सुरू झाला, अन् ते दुसऱ्या खेपेला गेले.

दुसऱ्या दिवशी मी ती पितळी घागर चिंचेनं लखलखीत घासली अन् ताराबाईच्या दारात नेली. ती उंबऱ्यातच उभी राहिली. हात पुढं केला न्हाई. "असू दे भिमा, तुमच्याकडंच," म्हणाली, "आता मी ती कुठं ठेवू?" बोलताना माझ्याकडं बघत न्हवती. तिला वाईट वाटत व्हतं, ते दिसत व्हतं. पण हात काही पुढं आला न्हाई.

घरी येऊन सांगितलं. सासू एवढंच म्हणाली, "माझी घागर कुठं हाय?" तिनं ती राखेनं घासली, रोज घासली. तिच्या पाण्याला कित्येक महिने डिझेलचा वास यायचा. ती त्याच घागरीचं पाणी प्यायची.

 पितळी घागर मालकांनी ट्रकात नेली, तिच्यात जादाचं डिझेल भरलं अन् केबिनच्या मागं तारेनं बांधली. पाऊस पडून टँकर बंद होईस्तोवर ती तिथंच व्हती. रोज विहिरीवर ट्रक लागायचा, तेव्हा ताराबाई वरल्या आळीच्या वळीत नवी घागर घेऊन उभी असायची, अन् रोज तिला ती दिसायची.