दुसऱ्याच्या मोहाखालचा पाचोळा

टीव्हीवरचं हवामान रोज बर्फापासून सुरू होतं. मार्च लागतो, आमच्या गडचिरोलीच्या जंगलात पाचोळा पायाखाली कुरकुरायला लागतो, आणि तिकडे हिमालयात पर्यटक एकमेकांना बर्फाचे गोळे मारत असतात. मग कोकण, मग मुंबईचा उकाडा आणि त्यावर घामाघूम झालेल्या दोन बायकांची मतं. सगळ्यात शेवटी, जाहिरात लागायच्या आधी, घाईघाईत एक वाक्य आमच्या वाट्याला येतं: विदर्भात तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा. विदर्भ म्हणजे काय कोणाचं अंगण आहे? बुलढाण्यापासून सिरोंच्यापर्यंत पसरलेल्या मुलखात कुठलं ठिकाण तुरळक, हे वाऱ्यानेच येऊन सांगायचं.

गेल्या वर्षी मात्र ते वाक्य रोज येत होतं. फोनवर वणव्याचा इशाराही आला होता, धोका अति उच्च. मी कोरपन्याची, कापसाच्या मातीतली आणि सिमेंटच्या धुळीतली. लग्न होऊन इथे येईपर्यंत जंगल मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं. तरी मलाही दिसत होतं की त्या वर्षी पाऊस फिरकला नाही, पानं लवकर झडलीत आणि एक काडी पुरे आहे.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती नीट दिसावीत म्हणून पूर्वी लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देत. आमच्या ग्रामसभेने ते बंद केलं. आता सगळे खराटा घेऊन जातात आणि झाडाखाली लख्ख झाडून ठेवतात. झाडं जंगलातली असली, तरी कोणतं झाड कोणाच्या घरचं हे ठरलेलं असतं, आणि ज्याने खाली झाडलं त्याचं ते झाड, त्याची ती फुलं. यावर गावात कधी भांडण होत नाही. माझं झालं.

आमच्या मोहाला लागूनच शेजारच्या काकूंचा मोह. काकू एकट्या. दरवर्षीप्रमाणे त्या मिरची तोडायला तेलंगणात गेल्या होत्या आणि फुलं संपायच्या आत परतणार होत्या. त्यांच्या झाडाचा बुंधा एका बाजूने पोकळ, आणि त्या ढोलीच्या तोंडापर्यंत पाचोळा साचलेला. घरी आल्यावर जे काही त्यांच्या हाताला लागणार होतं, ते त्या झाडावर होतं.

"मी झाडून येते," मी सासूबाईंना म्हटलं. "वारा येणार आहे."

"दुसऱ्याच्या मोहाखाली खराटा नेत नाई, बाई."

"फुलाला हात नाही लावत मी. फक्त कचरा."

"गाव काय म्हणन? बाई पोटासाठी गेली अन् याइनं झाड धरलं."

मग मी काकूंना फोन लावला. बंद. त्यांना नेणाऱ्या मुकादमाला लावला. तो म्हणाला, "वावरात रेंज नाई, बाई, संध्याकाळी सांगतो." त्याची संध्याकाळ काही उजाडली नाही. नवरा म्हणाला, "ग्रामसभेत विषय ठेवू." म्हटलं, वाऱ्यालाही नोटीस पाठवा, कोरम भरेपर्यंत थांब म्हणावं. तो हसला आणि जेवायला बसला. त्याच्या हसण्याचा मला इतका राग आला की मी ताट वाढलं नाही, त्याचं त्याने घेतलं.

एका सकाळी मी खराटा घेऊन निघालेच. सासूबाई मागोमाग आल्या. ओरडल्या नाहीत, हात धरला नाही. काकूंच्या झाडाखाली, पाचोळ्यात, मांडी घालून बसल्या. आता सासूला झाडून काढायचं का? मी परत फिरले आणि सगळा संताप आमच्या झाडाखाली काढला. दोन्ही झाडांच्या मधली पट्टीही खरवडून टाकली, माती दिसेपर्यंत. तेवढं चालत होतं, कारण ती जागा कोणाचीच नव्हती.

वारा आला तो भरदुपारी. आग कोणी लावली हे इकडे कधीच कळत नाही. टेकडीच्या पलीकडून धूर दिसला आणि बघता बघता आग उतारावर आली. सगळं गाव धावलं. ओल्या फांद्यांनी झोडपलं, एका ठिकाणी विझवावं तर वारा दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायचा. आमच्या झाडाजवळ येऊन आग थांबली, तिला खायला काही नव्हतंच. काकूंच्या झाडाखाली मात्र ती ढोलीत शिरली. आम्ही माती टाकली, कळशा ओतल्या, तरी ते झाड आतून कितीतरी दिवस धुमसत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या. मला रडूही येत नव्हतं, नुसती तळपायाची आग मस्तकात जात होती.

काकू आल्या तेव्हा अर्धं झाड वाळलं होतं. मला वाटलं, आता विचारतील, तुमचं वाचलं मग माझं कसं जळलं? उत्तर काय द्यायचं याची मी मनात तयारी केली होती, आणि सासूबाईंचं नाव घ्यायचं नाही असंही ठरवलं होतं. काकूंनी काळ्या बुंध्यावर हात फिरवला. मग आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "माह्या मागं माह्या झाडाखाली तुमी पाय नाई टाकला. बाकीच्या गावात असं नाई राह्यलं, बाई."

त्या खरोखर आभार मानत होत्या. ते मला सहन झालं नाही.

"काकू, पुढच्या साली तुम्ही जाल तेव्हा मी झाडून ठेवीन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "घ्या मंग. आता राह्यलं काय त्याच्यात."

"अहो, झाड नाही मागत मी!"

"नाई नाई, राहू दे. मी इथी असतो कुठी? तुमी सांभाळसान." आणि पदर सावरून त्या उठल्या. सासूबाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

यंदा उरलेल्या अर्ध्या झाडाला फुलं आली. मी खाली झाडलं, कोणी काही म्हटलं नाही. गावाच्या लेखी ते आता आमचंच आहे. पहाटे उठून वेचलेली सगळी फुलं वेगळी वाळवली, आणि काकू मिरचीहून परतल्या त्याच दिवशी पोतं त्यांच्या दारात नेऊन ठेवलं.

त्यांनी पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. मूठभर फुलं हातात घेतली, वास घेतला आणि परत आत टाकली.

"चांगली वाळली," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या झाडाची फुलं मी कशी घेऊ, बाई?"